आभाळातली पांढरी रेघ आणि अंगाची खाज: व्हायरल व्हिडिओत किती खरं?

गेल्या काही दिवसांपासून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. निळ्या आभाळात विमान, त्यामागं लांबच लांब पांढरी रेघ, आणि खाली मराठीतला आवाज: "हे विमान आपल्यावर गुपचूप औषध फवारतंय, म्हणून अंगाला खाज सुटते, फोड येतात, कातडीतून दोरे निघतात." पुढं एका बाईच्या हाताचा जवळून घेतलेला फोटो. जखमेत निळा-लाल धागा दिसतो. शेवटी "सर्वांना पाठवा".

लोकांनी तो पाठवला यात नवल नाही. सध्या घरटी एक माणूस तरी खाजवतोय. सोलापूर जिल्ह्यावरून मुंबई-हैदराबादची विमानं रोजच जातात, त्यामुळं रेघही दिसते. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर आहेत, मग त्या जोडायला वेळ लागत नाही. पण आवाज मराठी असला तरी व्हिडिओतली गोष्ट इथली नाही, ती अमेरिकेतली आहे. तिकडं या प्रकरणाला पंचवीसेक वर्षं झाली, सरकारी तपास झाला, भांडणं झाली, कायदेसुद्धा झाले. तिकडं काय निघालं ते आधी बघू, मग आपल्या खाजेकडं येऊ.

सुरुवात रेघेपासून. मोठी प्रवासी विमानं साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तिथं थंडी उणे ४० अंशाच्याही खाली असते. विमानाचं एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ बाहेर पडल्या पडल्या गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ दिसते. पौष महिन्यात पहाटे मळ्यात दारं धरताना तोंडातून वाफ निघते, तसलाच प्रकार. वरची हवा कोरडी असली की रेघ मिनिटभरात विरते, दमट असली की तासभर राहते आणि पिंजलेल्या कापसासारखी पसरते. म्हणून एकाच दिवशी एका विमानाची रेघ टिकते, दुसऱ्याची नाही. "आज एकाचीच रेघ राहिली, म्हणजे त्यात काहीतरी होतं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि एक साधा हिशेब आपण शेतकऱ्यांनीच करायचा. पाठीवरच्या पंपानं गुडघाभर पिकावर औषध मारताना वारा सुटला तर निम्मं औषध शेजारच्या बांधावर जातं. दहा किलोमीटरवरून कोणी औषध सोडलं तर ते नेमकं आपल्याच गावात पडेल कसं? ते कुठल्या जिल्ह्यात उतरेल हे सोडणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता त्या दोऱ्यांची गोष्ट. २००१ साली अमेरिकेत मेरी लेताओ नावाच्या बाईंच्या दोन वर्षांच्या मुलाच्या ओठाखाली फोड आला. त्यात आपल्याला रंगीत धागे दिसले, असं त्यांचं म्हणणं. एकामागून एक डॉक्टर झाले, कुणाला रोग सापडेना. २००२ मध्ये त्यांनीच या आजाराला नाव दिलं: मॉर्गेलॉन्स. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज वैद्याच्या लिखाणात, लहान मुलांच्या पाठीवर राठ केस उगवण्याच्या दुखण्यासाठी हे नाव आलं होतं, तिथून उचललेलं. त्यांनी वेबसाईट काढली आणि बघता बघता हजारो लोक म्हणायला लागले, "मलाही हेच होतंय." कातडीखाली काहीतरी वळवळतं, टोचतं, जखमा भरत नाहीत, आतून दोरे निघतात, थकवा येतो, डोकं चालत नाही. मोठ्या गायिका जोनी मिचेल यांनीही आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर सांगितलं.

खासदारांकडं तक्रारी गेल्या. तिकडच्या सरकारची साथरोगांवर काम करणारी सर्वात मोठी संस्था, सीडीसी, तपासाला लागली. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या एका मोठ्या आरोग्य योजनेतल्या लाखो लोकांच्या नोंदी चाळल्या, त्यातून ११५ रुग्ण निघाले. म्हणजे लाखात चारही नाहीत. रक्त तपासलं, कातडीचे तुकडे तपासले, धागे तपासले. जानेवारी २०१२ मध्ये निकाल छापून आला. जंतू सापडला नाही, किडा सापडला नाही. एकाच भागात, एकाच वेळी साथ पसरल्याचंही दिसलं नाही. धागे बहुतेक सेल्युलोजचे, म्हणजे कापसाचे निघाले. अंगावरचे कपडे, पांघरूण, पट्टीचा कापूस यातून सुटलेले दोरे ओल्या जखमेत चिकटले होते. आपल्याला हे सांगायला नको. कापूस वेचून आल्यावर अंगावर काय काय चिकटतं ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे.

मग ते लोक खोटं बोलत होते का? नाही. खाज खरी होती, जखमा खऱ्या होत्या. कातडीवर काही नसतानाही माणसाला भयंकर खाज सुटू शकते. साखरेचा आजार, किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्त कमी असणं, शिरांचं दुखणं, काही गोळ्या, नशेचे पदार्थ, कशानंही होतं. काही माणसांच्या मनात मात्र "माझ्या अंगात किडे आहेत" हे इतकं पक्कं बसतं की दहा तपासण्या कोऱ्या आल्या तरी हलत नाही. डॉक्टर लोक याला वेगळा आजार मानतात आणि त्यावर गोळ्याही आहेत. असा माणूस वेडा नसतो. तो शेती करतो, व्यवहार करतो, फक्त या एका गोष्टीपुढं हतबल असतो. तिकडं काहींनी अंगाला ब्लीच लावलं, किडे मारायचं औषध चोळलं, सुईनं टोकरून कातडी सोलून काढली. जखम वाढली की दोरे जास्त चिकटतात, दोरे दिसले की खात्री वाढते. हे चक्र तुटत नाही.

हा वाद सगळा मिटला असंही नाही. काही मोजके संशोधक आजही म्हणतात की गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचा याच्याशी संबंध आहे. त्यांनी तसे लेख छापलेत. बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांना ते पटलेले नाहीत. पण एक चूक डॉक्टरांच्या बाजूनंही झाली, असं मला वाटतं. पेशंट दोरे डबीत घालून आणायचा, आणि ती डबी बघितल्याबरोबर डॉक्टर समजायचे की हा मानसिक पेशंट, पाठवा घरी. अंगाला हात लावून नीट तपासलंच नाही तर माणूस जाणार कुठं? तो इंटरनेटवर जाणार, आणि तिथं त्याला ऐकून घेणारे लोक बसलेलेच असतात.

तिथंच आभाळ या गोष्टीत शिरलं. विमानांच्या रेघांची शंका अमेरिकेत १९९६-९७ पासून वाढली. तिकडच्या हवाई दलात एक लेख लिहिला गेला होता, २०२५ सालापर्यंत युद्धात हवामानावर ताबा कसा मिळवता येईल असा. तो पुढचा विचार होता, केलेलं काम नव्हतं. पण लोकांनी तो कबुलीजबाब म्हणून वाचला. 'केमट्रेल' हा शब्द आला, म्हणजे रसायनाची रेघ. मग कोणी पावसाचं पाणी तपासलं, त्यात अ‍ॅल्युमिनियम निघालं, आणि झाला पुरावा. पृथ्वीच्या वरच्या थरात वजनानं आठ टक्के अ‍ॅल्युमिनियमच आहे. आपल्या काळ्या रानातली मूठभर धूळ पाण्यात पडली तरी ते सापडेल. खाजवणारे लोक आणि आभाळ बघणारे लोक एकाच जागी भेटले, आणि "विमानातून दोरे टाकतात" ही नवी गोष्ट तयार झाली.

२०१६ मध्ये हवामान आणि माती-पाण्याच्या ७७ तज्ज्ञांना हे फोटो आणि नमुन्यांचे आकडे दाखवून विचारलं गेलं. ७६ जणांनी सांगितलं, गुप्त फवारणीचा पुरावा दिसत नाही. उरलेल्या एकानं सांगितलं की एका दूरच्या भागात हवेत बेरियम जास्त आढळलं होतं, त्याचा खुलासा होत नाही. म्हणजे त्यानंही "विमानं फवारतात" असं म्हटलेलं नाही. तरी शंका राहिलीच. २०२४ मध्ये टेनेसी राज्यानं आणि २०२५ मध्ये फ्लोरिडानं हवामान बदलण्यासाठी आभाळात काही सोडायला बंदीच घातली. आता इकडं लोक म्हणतात, "बघा, कायदा केला म्हणजे फवारत होते." आमच्याकडं एखाद्या ग्रामपंचायतीनं करणी-भानामती विरोधात ठराव केला म्हणून करणी खरी ठरते का?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा सरकारची बाजू घेतोय. तसं नाही. सरकारं गुपचूप फवारतात ही शंका काही हवेतून आलेली नाही. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या जहाजानं सॅन फ्रान्सिस्को शहराच्या किनाऱ्यावरून सेरेशिया नावाच्या जिवाणूचे ढग शहरावर सोडले. शत्रूनं जंतू सोडले तर ते किती पसरतील हे बघायचं होतं. शहरातल्या कोणालाही सांगितलं नव्हतं. जिवाणू निरुपद्रवी आहे असं लष्कर धरून चाललं होतं. त्याच सुमारास तिथल्या एका दवाखान्यात याच जिवाणूची लागण झालेले ११ पेशंट आले, त्यातला एक दगावला. संबंध कोर्टात सिद्ध झाला नाही, घरच्यांची केस फेटाळली गेली. पण फवारणी झाली होती हे नक्की. सेंट लुइस शहरात गरीब काळ्या लोकांच्या वस्तीत छपरांवरून आणि गाड्यांमधून झिंक कॅडमियम सल्फाइडची पूड उडवली, आणि लोकांना सांगितलं की शहर लपवण्यासाठी धुराचा पडदा करतोय. १९७७ मध्ये तिकडच्या संसदेपुढं लष्करानं कबूल केलं: १९४९ ते १९६९ या काळात असे २३९ उघड्यावरचे प्रयोग केले.

आता हे बाहेर आलं कसं ते बघा. पत्रकारांनी कागद मिळवले, संसदेनं साहेबांना समोर उभं करून विचारलं. तारीख, ठिकाण, जहाज, पदार्थाचं नाव, सगळं निघालं. आणि ती फवारणी दहा किलोमीटरवरून नव्हती. जहाजावरून, छपरावरून, गाडीतून होती. ज्याला खरंच माणसावर काही टाकायचंय तो खाली येतो.

आपल्या देशात तर लपवायचीही गरज पडली नाही. केरळचा कासरगोड जिल्हा. तिथल्या सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूच्या बागा सुमारे ४,७०० हेक्टर. टी मॉस्किटो बग या किडीसाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २००० सालापर्यंत तिथं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. वर्षातून दोन-तीन वेळा, विहिरी, ओढे, घरं, शाळा सगळ्यावरून. सगळ्यांना दिसत होतं. १९७९ च्या सुमारास श्री पद्रे या शेतकरी असलेल्या पत्रकाराच्या लक्षात आलं की वासरं वाकड्या पायांची जन्मतायत. त्यांनी लिहिलं. कोणी लक्ष दिलं नाही. पुढं गावातले डॉक्टर मोहनकुमार यांनी पेशंटच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली: कोणत्या घरात मतिमंद मूल, कुठं फिट्स, कुठं कॅन्सर. कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा कोर्टात गेल्या आणि २००० साली खालच्या कोर्टानं हवाई फवारणी थांबवली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं मुलांचं रक्त तपासलं, त्यात एंडोसल्फान निघालं. सरकारच्या समित्यांनी एकमेकींच्या उलट अहवाल दिले, तो वाद वेगळा. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभर एंडोसल्फानवर बंदी आणली, २०१७ मध्ये प्रत्येक पीडिताला पाच लाख द्यायला सांगितले. २०२२ मध्ये कोर्टानंच विचारलं तेव्हा ३,७०४ पैकी फक्त ८ जणांना पैसे मिळाले होते.

आमच्या भागात विमानाबद्दल दुसरी एक शंका जुनी आहे: विमान येतं आणि ढग पांगवून जातं. पाऊस ताणला की पारावर हा विषय निघतोच. इथं खरं एवढंच की सोलापुरात विमानं खरोखर आली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. त्याआधी २००३ आणि २०१५ मध्येही राज्य सरकारनं पाऊस पाडायचा प्रयत्न केला होता. सोलापूरच्या प्रयोगात छोट्या विमानांनी ढगाच्या पोटाखाली कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या. हे एक प्रकारचं मीठच आहे, ओलावा ओढून घेतं. २७६ ढग निवडले, काहींत सोडलं, काहींत मुद्दाम नाही, म्हणजे फरक कळावा. संस्थेनं छापलेल्या निकालात सुमारे १८ टक्के पाऊस वाढल्याचं म्हटलंय, तेही आधीच भरलेल्या ढगांत. कोरड्या आभाळातून काही निघत नाही. बातम्या छापून आल्या होत्या, यात गुप्त काही नव्हतं. पण तेव्हा गावात येऊन, ग्रामसभेत उभं राहून, "हे विमान आमचं, हे सोडतोय, यासाठी सोडतोय" असं कोणी सांगितलं असतं तर आजच्या निम्म्या अफवा जन्मल्याच नसत्या.

राहिली आपली खाज. हवेतून येणारा कातडीचा आजार आपल्याकडं खराच आहे, फक्त तो विमानातून येत नाही, बांधावरून येतो. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. पन्नासच्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं, परदेशी धान्याबरोबर आलं असं सांगतात. त्याचे सुकलेले बारीक कण वाऱ्यानं उडतात आणि चेहरा, मान, कोपराच्या आतली बाजू, पापण्या अशा उघड्या जागी कातडी जाड, काळी, खाजरी होते. चाळिशीपुढच्या शेतकऱ्यांत जास्त. दर पावसाळ्यात वाढत असेल आणि अंगरख्याखाली नसेल, तर आभाळाकडं बघण्याआधी बांधाकडं बघा.

दुसरा आणि सगळ्यात मोठा प्रकार नायटा, गजकर्ण. जांघेत, कमरेला, काखेत गोल चकंदळं. पूर्वी महिन्यात बरा व्हायचा, आता वर्ष वर्ष जात नाही. त्याचं एक मोठं कारण मेडिकलवरून हातात पडणारी ट्यूब. त्या मिश्रणात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण बुरशी आत फोफावते, आणि सोडलं की दुप्पट जोरानं वर येते. भारतातून निघालेली, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी आता युरोप-अमेरिकेत पोचलीय, तिच्या नावातच भारताचं नाव घातलंय. २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी मागणारं मेडिकल तुमच्या गावात किती आहेत ते तुम्हीच बघा. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर ती खरूज. सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं तरच जाते. चट्टा खाजत नाही पण तिथं टोचलेलं कळत नाही, तर मात्र एक दिवसही घालवू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि तो बरा होतो.

आणि खरंच गावच्या गावाला काही झालं तर ते कसं दिसतं, हे बुलढाणा जिल्ह्यानं दाखवलंय. डिसेंबर २०२४ च्या शेवटी शेगाव तालुक्यात लोकांचे केस हातात यायला लागले, दोन-चार दिवसांत टक्कल. आसपासच्या गावांत, थोड्याच दिवसांत, पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. तज्ज्ञांची पथकं आली, रक्त, केस, पाणी, धान्य नेलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. त्यावर प्रश्न विचारले गेले, विचारायलाच हवेत. पण तिथं गावं मोजता आली, माणसं मोजता आली, गव्हाचा दाणा प्रयोगशाळेत नेता आला. रेघेच्या व्हिडिओत यातलं काय आहे?

फवारणीनं आपली माणसं मेली आहेत, तेही विसरता येत नाही. २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवली होती, तोंडाला नुसतं उपरणं होतं. ती फवारणी गुप्त नव्हती. डब्यावर विषाचा लाल त्रिकोण छापलेला होता.

आता ड्रोन आलेत. केंद्राच्या योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे आहेत. काम झटपट होतं, पाठीवरचा पंप जातो, चांगलीच गोष्ट आहे. पण ड्रोनची फवारणी ही हवाई फवारणीच आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीच्या किमान २४ तास आधी लोकांना सूचना द्यायची अट आहे, ड्रोनसाठीच्या कार्यपद्धतीतही ग्रामपंचायतीला आधी कळवायचं आहे. संबंध नसलेली माणसं आणि जनावरं त्या भागापासून लांब ठेवायची आहेत. कोणतं औषध, कोणत्या गटात, किती वाजता, हे ज्या ग्रुपवर रेघेचा व्हिडिओ येतो त्याच ग्रुपवर टाकायला एक मिनिट लागतं. आपल्या तालुक्यात आज किती ग्रामपंचायतींच्या फलकावर अशी एक तरी सूचना लागली आहे, हे ग्रामसेवकाला विचारा आणि आम्हाला कळवा. गावाच्या नावासह छापू.